नाव आपलं, मजकूर आपला, जागा भाड्याची

गावातलं सार्वजनिक वाचनालय रात्री आठला बंद होतं. ग्रंथपाल कार्यालयातला संगणक बंद करतात, दिवे मालवतात, कुलूप लावून घरी जातात. तरीही मध्यरात्री कोणी त्या वाचनालयाची वेबसाइट उघडली, तर पान लगेच समोर येतं. वेळा, वर्गणीचे दर, या महिन्यात आलेल्या पुस्तकांची यादी, सगळं जागच्या जागी असतं. ज्या संगणकावर ही यादी टंकली तो तर बंद आहे. मग ते पान आलं कुठून?

दुसरं कोडं पहिल्यापेक्षा त्रासदायक आहे. वेबसाइट चार-पाच वर्षं नीट चालते, कोणी तिला हातही लावत नाही, आणि एके दिवशी त्याच पत्त्यावर भलत्याच जाहिराती दिसू लागतात. वाचनालयाचं पान नाहीसं होतं. हे कसं घडतं?

दोन्ही कोड्यांचं उत्तर एकाच गोष्टीत आहे. वेबसाइट ही एक वस्तू नसते. तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आल्या की वेबसाइट दिसते, आणि त्या तिघींचे व्यवहार वेगवेगळे असतात. स्वतःची वेबसाइट सुरू करू पाहणाऱ्याने एवढं नीट समजून घेतलं, तर पुढचं काम वाटतं तितकं अवघड राहत नाही.

तीन गोष्टी, तीन व्यवहार

बाजारपेठेतल्या दुकानाचा विचार करा. दर्शनी भागावर दुकानाच्या नावाची पाटी असते. आत विकायचा माल असतो. आणि ज्या गाळ्यात दुकान थाटलं तो गाळा बहुतेक वेळा भाड्याचा असतो. वेबसाइटचंही असंच आहे. पाटी म्हणजे तिचं नाव, ज्याला डोमेन म्हणतात. माल म्हणजे तुम्ही लिहिलेली पानं आणि छायाचित्रं. गाळा म्हणजे ती पानं ज्या संगणकावर ठेवलेली असतात ती जागा. ती भाड्याने घेण्याला होस्टिंग म्हणतात.

दुकानदाराचं गाळेमालकाशी पटलं नाही, तर तो माल उचलतो, पाटी काढतो आणि दुसरीकडे दुकान लावतो. गिऱ्हाईक पाटी ओळखतं. वेबसाइटच्या बाबतीतही हे शक्य आहे, पण एका अटीवर: पाटी तुमच्या मालकीची हवी आणि माल तुमच्या हाताशी हवा. अनेक संस्था तिन्ही गोष्टी एकाच माणसाकडून एकाच पावतीवर घेतात आणि यातलं नेमकं काय आपलं आहे हे त्यांना कळतच नाही. माझ्या मते नवशिक्याने सर्वांत आधी हाच फरक लक्षात घ्यावा. कोणती सेवा स्वस्त, कोणतं डिझाइन छान, हे प्रश्न नंतरचे.

कधीच बंद न होणारा संगणक

पहिल्या कोड्याचं उत्तर आता सोपं आहे. वाचनालयाची पानं वाचनालयातल्या संगणकावर नसतात. त्यांची प्रत दुसरीकडे, रात्रंदिवस चालू असणाऱ्या संगणकावर ठेवलेली असते. कोणी पान मागितलं की त्याला ते पाठवायचं, एवढंच त्याचं काम. अशा संगणकाला सर्व्हर म्हणतात.

सर्व्हर म्हणजे काही निराळ्या जातीचं यंत्र नव्हे. जगातला पहिला वेब सर्व्हर जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत १९९० च्या अखेरीस सुरू झाला, तो टिम बर्नर्स-ली यांच्या टेबलावरच्या नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर. कोणी चुकून बटण दाबलं तर जगातलं सगळं वेब बंद पडलं असतं. म्हणून त्यावर लाल शाईत लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती: हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नका. पुढे ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांसाठी खुलं केलं. आज कोणालाही परवानगी न मागता वेबसाइट काढता येते, ती या निर्णयामुळे.

मग आपल्या घरच्या संगणकालाच सर्व्हर का करू नये? तत्त्वतः करता येतं, आणि शिकण्यासाठी तो फार चांगला प्रयोग आहे. पण वीज जाते, इंटरनेटची जोडणी तुटते. त्याशिवाय एक छुपी अडचण असते. आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती आणि मोबाइल जोडण्यांमध्ये कंपनी अनेक ग्राहकांना मिळून बाहेरच्या जगासाठी एकच पत्ता वापरते. तुम्ही आतून बाहेर जाऊ शकता, पण बाहेरून येणाऱ्याला तुमचं घर सापडत नाही. म्हणून संस्थेच्या कामासाठी जागा भाड्याने घेणंच शहाणपणाचं.

नावावरून पत्ता कसा सापडतो

इंटरनेटवरच्या प्रत्येक सर्व्हरला अंकांचा एक पत्ता असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. जुन्या पद्धतीच्या पत्त्यात शून्य ते २५५ यांमधले चार आकडे असतात आणि त्यातून साधारण ४२९ कोटी वेगवेगळे पत्ते तयार होतात. ते पुरेनासे झाले म्हणून आता कितीतरी लांब पत्त्यांची नवी पद्धतही वापरात आहे. संगणकाला आकडे हवेत, माणसाला नाव लक्षात राहतं. या दोघांचा मेळ घालणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात.

सुरुवातीच्या काळात ही व्यवस्था म्हणजे एकच यादी होती. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळत असे. नेटवर्कला नवा संगणक जोडला की त्यांना कळवायचं, त्या यादीत नाव घालणार, आणि बाकीचे ती यादी उतरवून घेणार. संगणक वाढले तशी ही पद्धत अपुरी पडली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी वेगळी रचना मांडली: सगळं एका जागी ठेवायचं नाही, प्रत्येकाने आपापल्या हद्दीतली माहिती सांभाळायची. आज आपण वापरतो ती रचना हीच.

ती चालते कशी, हे टप्प्याटप्प्याने पाहू. वाचनालयाचं नाव 'डॉट इन'ने संपतं असं धरू. तुम्ही फोनवर ते नाव टाइप केलंत की फोन तुमच्या इंटरनेट कंपनीच्या, किंवा तुम्ही निवडलेल्या दुसऱ्या एखाद्या, शोधक सर्व्हरला पत्ता विचारतो. त्याला माहीत नसेल तर तो सर्वांत वरच्या पातळीवर जातो. तिथे मूळ सर्व्हर असतात. त्यांची नावं फक्त १३ आहेत, पण त्यांच्या प्रती जगभर हजाराहून जास्त ठिकाणी आहेत. काही मुंबईतही आहेत. मूळ सर्व्हरला वाचनालयाचा पत्ता ठाऊक नसतो. तो एवढंच सांगतो, "डॉट इनचा कारभार अमुक ठिकाणी चालतो." हा कारभार निक्सी ही भारतीय संस्था पाहते. डॉट इनच्या सर्व्हरलाही अंतिम पत्ता माहीत नसतो. या नावाची नोंद कोणत्या नेमसर्व्हरकडे आहे, तेवढं तो सांगतो. शेवटी तो नेमसर्व्हर अंकांचा पत्ता देतो. ही सगळी विचारपूस बहुधा सेकंदाच्या छोट्याशा अंशात उरकते.

शोधक सर्व्हर मिळालेलं उत्तर ठरावीक वेळ, समजा तासभर किंवा दिवसभर, जपून ठेवतो. पुन्हा कोणी विचारलं तर परत सगळी फेरी मारत नाही. होस्टिंग बदलल्यावर काही लोकांना नवी वेबसाइट दिसते आणि काहींना जुनीच दिसत राहते, ती यामुळे. घाबरून सेटिंग पुन्हा पुन्हा बदलू नका. जुनी उत्तरं कालबाह्य होईपर्यंत थांबा. तोवर जुन्या जागेवरची पानंही काढू नका.

पत्ता मिळाल्यावर फोन त्या सर्व्हरकडे जातो आणि पानाची मागणी करतो. या मागणीत वेबसाइटचं नावही लिहिलेलं असतं. त्यामुळे एकाच सर्व्हरवर, एकाच अंकी पत्त्यावर, शेकडो वेबसाइट राहू शकतात. नाव वाचून सर्व्हर ज्याचं पान त्याला देतो. स्वस्तातलं सामायिक होस्टिंग यावरच उभं आहे. मागितलेली फाइल नसेल तर सर्व्हर ४०४ हा आकडा पाठवतो, जो आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेला असतो.

पान म्हणजे साधी फाइल

वेबपान म्हणजे मुळात अक्षरांची फाइल. ती नोटपॅडमध्ये लिहिता येते. हा मथळा आहे, हा परिच्छेद आहे, इथे दुसऱ्या पानाचा दुवा आहे, अशा खुणा टोकदार कंसांमध्ये करायच्या असतात. या खुणांच्या पद्धतीला एचटीएमएल म्हणतात. ती प्रोग्रॅमिंगची भाषा नाही. मथळा, परिच्छेद, यादी, दुवा, चित्र आणि तक्ता एवढ्या खुणा आल्या की वाचनालयाचं पान तयार होतं. शाळकरी मुलाला हे दोन-तीन बैठकांत शिकवता येतं. रंग, अक्षरांचा आकार, समास ठरवणाऱ्या सूचना वेगळ्या फाइलमध्ये लिहितात. त्यांना सीएसएस म्हणतात.

या साधेपणात मोठी ताकद आहे. सर्नमधल्या पहिल्या पानांची १९९२ मधली प्रत आजही तिच्या मूळ पत्त्यावर पाहता येते आणि ती आजच्या फोनवर नीट उघडते. त्याच काळातल्या एखाद्या वर्ड प्रोसेसरची फाइल उघडायची झाली तर किती खटपट करावी लागते, ते ज्यांनी जुन्या स्मरणिकांच्या फ्लॉप्या सांभाळल्या आहेत त्यांना विचारा.

म्हणून माझा आग्रह असा: पैसे देण्याआधी पान लिहा. संगणकावर एक फोल्डर करा. त्यात मुख्य पानाची फाइल ठेवा आणि तिचं नाव इंग्रजी अक्षरांत 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' असं द्या. पाहुण्याने नुसतं वेबसाइटचं नाव टाकलं, तर बहुतेक सर्व्हर याच नावाची फाइल शोधतात. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडा. इंटरनेट नसतानाही ती दिसेल, कारण अजून सगळं तुमच्याच संगणकावर आहे. घरच्यांना दाखवा, फोनवर उघडून पाहा, चुका सुधारा. नाव आणि जागा घेण्याची वेळ त्यानंतरची.

इथे दोन गोष्टी हमखास अडतात. फाइलच्या नावात मोकळी जागा ठेवू नका आणि सगळी नावं लहान लिपीतल्या इंग्रजी अक्षरांत लिहा. विंडोजला मोठं आणि लहान अक्षर एकच वाटतं, पण बहुतेक वेब सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि त्यांना ती वेगळी वाटतात. घरी दिसणारं चित्र सर्व्हरवर चढवल्यावर गायब झालं, तर आधी हेच तपासा. दुसरी गोष्ट छायाचित्रांच्या वजनाची. दोन हजार अक्षरांच्या मराठी मजकुराला साधारण सहा किलोबाइट लागतात. फोनने काढलेलं एक छायाचित्र चार मेगाबाइटचं असेल, तर तेवढ्यात अशी सहाशेहून जास्त पानं मावतात. चढवण्याआधी छायाचित्राची रुंदी कमी करून घ्या. स्क्रीनवर काही फरक जाणवणार नाही आणि गावाकडच्या मंद जोडणीवरही पान उघडेल.

मराठी अक्षरांसाठी चार गोष्टी

मराठी वेबसाइटच्या बाबतीत या भागाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून इथे थोडं थांबू.

संगणक अक्षरं नव्हे, आकडे साठवतो. युनिकोड या जागतिक पद्धतीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'म'चा क्रमांक २३५०, 'ळ'चा २३५५. युनिकोड येण्याआधी, आणि आल्यावरही बरीच वर्षं, आपल्याकडे वेगळीच युक्ती चाले. फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी वळणं बसवलेली असत. आत आकडे इंग्रजीचे, वर दिसणं मराठीचं. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन सडा पडे. आजही डीटीपीच्या दुकानात जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर वेबपानावर चिकटवला की हेच होतं. वाचनालयाची स्मरणिका किंवा अहवाल पेजमेकरमधून आणणार असाल, तर आधी तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला. रूपांतरात रफार आणि वेलांट्या चुकतात.

युनिकोडचे क्रमांक फाइलमध्ये साठवण्याच्या पद्धतीला यूटीएफ-८ म्हणतात. त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हं आहेत, म्हणजे पंधरा बाइट. ही फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे, असं पानाच्या सुरुवातीलाच एका ओळीत सांगायचं असतं. ते सांगितलं नाही, तर ब्राउझर कधी कधी एकेक बाइट सुटा वाचतो आणि पाच चिन्हांच्या जागी पंधरा विचित्र युरोपीय अक्षरं उमटतात.

पानाची भाषा मराठी आहे, हेही एका छोट्या खुणेने सांगता येतं. बहुतेक लोक ती ओळ गाळतात. पण तिच्यावर बरंच काही अवलंबून आहे. दृष्टिहीन वाचकांसाठी पान मोठ्याने वाचणारी प्रणाली त्या खुणेवरून मराठी उच्चार निवडते. शिवाय मराठीतल्या 'ल' आणि 'श' यांची वळणं हिंदीतल्या वळणांपेक्षा वेगळी आहेत. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आहेत, तो भाषेची खूण पाहून आपलं वळण निवडतो. मराठीची वळणं आधीपासूनच असलेला 'टिरो देवनागरी मराठी'सारखा फॉन्ट मोफत मिळतो. आपल्या मुलांना शाळेत शिकवलेला 'ल' आपल्याच वेबसाइटवर दिसावा, ही अपेक्षा मला अजिबात अवाजवी वाटत नाही.

आणि मजकुराचं चित्र करून टाकू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेलं सूचनेचं पोस्टर तसंच वेबसाइटवर चढवणं सोपं असतं. पण चित्रातली अक्षरं पानाचा मजकूर होत नाहीत: ती निवडता येत नाहीत, फोनवर मोठी केली की पुसट होतात, वाचणाऱ्या प्रणालीला नीट वाचता येत नाहीत आणि शोधयंत्राला भरवशाने सापडत नाहीत. एखादी लेखिका आपल्या जुन्या पुस्तकाचं नाव शोधत असेल आणि ते तुमच्या यादीत असेल, तर ती यादी अक्षरांत हवी.

जागा: मोफत की भाड्याची?

तयार पानं जशीच्या तशी पाठवायची असतील, तर अशा वेबसाइटला स्थिर म्हणतात. तिच्यासाठी आता मोफत आणि चांगल्या जागा आहेत. गिटहब पेजेस २००८ पासून आहे. क्लाउडफ्लेअर पेजेस, नेटलिफाय, निओसिटीज हेही पर्याय आहेत. गिटहब पेजेसवर एका वेबसाइटला एक गिगाबाइट जागा मिळते आणि महिन्याला १०० गिगाबाइट माहिती पाठवण्याची मुभा असते. वाचनालयाचं एक पान चित्रांसकट ३०० किलोबाइटचं धरलं, तर ते महिन्यात सव्वातीन लाखांहून अधिक वेळा उघडता येईल. तालुक्याच्या वाचनालयाला हे कितीतरी पुरेसं आहे. गिटहबवर फाइल ब्राउझरमधूनच चढवता येतात आणि आपलं स्वतःचं नावही जोडता येतं.

दुसरा मार्ग वर्डप्रेसचा. हे मोफत सॉफ्टवेअर २००३ मध्ये आलं आणि आज जगातल्या वेबसाइटांचा फार मोठा वाटा त्यावर चालतो. यात पानं आधीपासून तयार नसतात. मजकूर डेटाबेसमध्ये असतो आणि मागणी आली की सर्व्हर त्यातून पान रचून देतो. चार जणांनी वेगवेगळे लेख टाकायचे असतील, वाचकांकडून अभिप्राय घ्यायचे असतील, तर ही सोय उपयोगाची. पण त्यासाठी पैसे देऊन होस्टिंग घ्यावं लागतं आणि वर्डप्रेस, त्याची थीम, जोडलेली प्लगिनं हे सगळं वेळोवेळी अद्ययावत करावं लागतं. वर्ष-दोन वर्षं बेवारस सोडलेल्या वर्डप्रेसमध्ये शिरणं घुसखोरांना अवघड जात नाही. हे काम करणारा माणूस ठरलेला नसेल, तर संस्थेने स्थिर वेबसाइटच करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. स्थिर फाइलमध्ये बिघडण्यासारखं फार कमी असतं.

चौकट: जागा घेण्याआधी विचारायचे प्रश्न
– माझं स्वतःचं डोमेन इथे जोडता येईल का?
– सगळ्या फाइल आणि डेटाबेस मला कधीही उतरवून घेता येईल का?
– पहिल्या वर्षाच्या सवलतीनंतर दुसऱ्या वर्षी दर किती?
– एचटीटीपीएस प्रमाणपत्र मोफत मिळतं का?
– बॅकअप कोण घेतं, किती दिवसांनी, आणि तो परत लावायला वेगळे पैसे पडतात का?

समाजमाध्यमावरचं पान असताना वेबसाइटची गरज काय, असं विचारणारे बरेच भेटतात. तिथे नाव त्या माध्यमाच्या कंपनीचं, जागाही तिचीच आणि मजकूर तिच्या मर्जीवर. जिओसिटीजवर लोकांनी हौसेने लाखो पानं उभारली होती. याहूने ती सेवा २००९ मध्ये बंद केली. भारतात ज्याची एवढी चलती होती ते ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं आणि तिथल्या समूहांमधल्या मराठी गप्पा, कविता, वादही त्याबरोबर गेले. उलट मायबोली ही मराठी वेबसाइट १९९६ पासून आपल्या स्वतःच्या नावावर चालू आहे. फेसबुकवर जरूर लिहा, पण मूळ प्रत आपल्या पत्त्यावर ठेवा.

पत्त्यापुढचं कुलूप

ब्राउझरमध्ये एचटीटीपीएस असलं की पान आणि वाचक यांच्यातला मजकूर सांकेतिक रूपात जातो. वाटेत कोणी तो वाचू किंवा बदलू शकत नाही. त्यासाठी सर्व्हरकडे प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते विकत घ्यावं लागे. २०१५ च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा उपक्रमाने ते सर्वांना मोफत द्यायला सुरुवात केली, आणि आता बहुतेक होस्टिंग सेवा ते आपोआप लावतात. २०१८ पासून क्रोम ब्राउझर एचटीटीपीएस नसलेल्या पानाला असुरक्षित ठरवतो, त्यामुळे साध्या माहितीच्या पानालाही हे हवंच. मात्र या प्रमाणपत्राने त्या नावावर वेबसाइटचालकाचा ताबा आहे, एवढंच सिद्ध होतं. तो प्रामाणिक आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. फसवणाऱ्यांनाही प्रमाणपत्र मिळतं.

नाव कोणाच्या नावावर?

आता दुसऱ्या कोड्याकडे वळू. डोमेन कायमचं विकत मिळत नाही. ते रजिस्ट्रार म्हणवणाऱ्या कंपनीकडे मुदतीपुरतं नोंदवायचं असतं, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी. डॉट इन किंवा डॉट कॉमला वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. मुदत संपायच्या आधी नोंदवलेल्या ईमेलवर आठवणी येतात. पैसे भरले नाहीत तर नाव थांबतं. डॉट कॉमसारख्या नावांच्या बाबतीत त्यानंतरही काही दिवस सवलतीचे असतात, मग जास्त शुल्क भरून सोडवून घेण्याचा साधारण महिनाभराचा काळ. तोही उलटला की नाव कोणालाही घेता येतं. जुन्या नावांकडे अनेक ठिकाणांहून दुवे आलेले असतात, लोकांना ती पाठ असतात, म्हणून मुदत संपलेली नावं उचलून त्यांवर जाहिराती लावणाऱ्यांचा धंदाच आहे.

हा विसर कोणालाही पडू शकतो. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टकडून 'पासपोर्ट डॉट कॉम' या नावाचं शुल्क भरायचं राहून गेलं आणि अनेकांना हॉटमेल उघडता येईना. अमेरिकेतल्या एका प्रोग्रॅमरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले, तेव्हा सेवा पूर्ववत झाली. वाचनालयाच्या मदतीला असं कोणी धावून येईल, याची खात्री नाही.

संस्थांच्या बाबतीत हे बहुतेक वेळा एकाच पद्धतीने घडतं. कोणा सभासदाचा मुलगा उत्साहाने वेबसाइट करून देतो. नाव त्याच्या ईमेलवर, पैसे त्याच्या कार्डावरून. पुढे तो नोकरीसाठी बेंगळुरूला जातो, ईमेल बदलतो, कार्डाची मुदत संपते. आठवणी येत राहतात, पण त्या वाचणारं कोणी नसतं. यात त्या मुलाचा दोष नाही. व्यवस्थाच लावलेली नसते.

ती लावायला फार कष्ट नाहीत. संस्थेच्या नावाने एक ईमेल काढा, ज्याचा पासवर्ड कार्यवाह आणि अध्यक्ष दोघांकडे असेल. डोमेनची नोंदणी त्या ईमेलवर आणि संस्थेच्या नावाने करा, तीन किंवा पाच वर्षांची एकदम. मुदतीची तारीख इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवा. पदाधिकारी बदलले की वही पुढच्यांच्या हाती जाते. वेबसाइट दुसऱ्याकडून करून घेत असाल, तरी नाव तुम्ही स्वतः नोंदवा आणि त्याला फक्त नेमसर्व्हर बदलण्यापुरती परवानगी द्या. नाव आधीच दुसऱ्याच्या खात्यात असेल, तर त्याच्याकडून ऑथ कोड, म्हणजे हस्तांतरासाठी लागणारा सांकेतिक शब्द, मागून ते आपल्या खात्यात आणता येतं.

नाव निवडताना ते फोनवर एकदा सांगून पाहा. 'वाचनालय' हा शब्द इंग्रजी अक्षरांत चार जण चार प्रकारे लिहितात. गावाचं नाव आणि एखादं छोटं पद जोडलेलं बरं. देवनागरीतच नाव हवं असेल तर 'डॉट भारत' २०१४ पासून मिळतं, आणि मराठीतही ते चालतं. आतल्या व्यवस्थेसाठी हे नाव इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक साखळीत बदललं जातं, त्यामुळे डीएनएसला काही अडत नाही. पण काही ऑनलाइन अर्ज आणि ईमेल सेवा अजून असे पत्ते स्वीकारत नाहीत. तूर्त डॉट इन मुख्य ठेवून डॉट भारत त्याच्या जोडीला घ्यावं.

मजकुराबद्दल एक सावधगिरी बाळगा. सभासदांची नावं, पत्ते, फोन क्रमांक अशी यादी वेबसाइटवर टाकू नका, कार्यालयातल्या फळ्यावर ती लागत असली तरीही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी आपल्याकडे २०२३ मध्ये कायदा झाला आहे, आणि कायदा नसता तरी वेबवर गेलेली यादी परत घेता येत नाही. आणि सगळ्या फाइलींची एक प्रत संस्थेच्या संगणकावर, दुसरी पेनड्राइव्हवर असू द्या. होस्टिंग कंपनी उद्या बंद पडली तरी दुसरीकडे फाइल चढवायच्या, नेमसर्व्हर बदलायचे, आणि दिवस-दोन दिवसांत वाचनालय पुन्हा त्याच नावाने उघडं.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधी पान लिहावं, मग नाव नोंदवावं, जागा शेवटी घ्यावी. आणि तुमच्या वाचनालयाची, शाळेची किंवा मंडळाची वेबसाइट आधीपासूनच असेल, तर डोमेन कोणाच्या ईमेलवर नोंदवलेलं आहे आणि त्याची मुदत कधी संपते, हे दोन प्रश्न कार्यकारिणीच्या येत्या बैठकीत जरूर विचारा.